गोळी सुटल्यानंतरचा चेहरा: बॉण्ड साकारणाऱ्या सहा नटांविषयी

चौथी रांग (धागालेखक)

जेम्स बॉण्डची भूमिका कोणी सर्वांत चांगली केली, हा विषय निघाला की बोलणे बहुधा सूट, मोटारी आणि दिसणे यांभोवती फिरते, आणि शेवटी ज्याने त्याने वयात येताना जो बॉण्ड पाहिला त्याच्या पारड्यात मत टाकून सगळे उठतात. या धाग्यात मला तुलनेसाठी अगदी लहान जागा निवडायची आहे. बॉण्ड सरकारच्या परवान्याने माणसे मारतो. माणूस मारून झाल्यावर पुढच्या काही सेकंदांत त्या नटाचा चेहरा काय करतो, एवढेच पाहायचे. धावणे, पोहणे, गाडी उडवणे यांत स्टंट करणारी मंडळी, संकलक आणि पार्श्वसंगीत नटाला सांभाळून घेतात. या सेकंदांत मात्र तो बराचसा एकटा असतो.

ही कसोटी मूळ लेखकानेच घालून दिली आहे, असे मला वाटते. इयन फ्लेमिंग यांची १९५९ची 'गोल्डफिंगर' ही कादंबरी मायामीच्या विमानतळावर सुरू होते. बॉण्ड बर्बनचे दोन दुहेरी पेग घेऊन बसला आहे आणि जगण्यामरण्याचा विचार करतो आहे, कारण मेक्सिकोत त्याने नुकताच एका भाडोत्री मारेकऱ्याचा जीव घेतला आहे. त्या माणसाच्या देहातून प्राण किती झटकन निघून गेला, हे त्याच्या मनातून जात नाही. पाच वर्षांनी, १९६४ मध्ये, याच कादंबरीवरचा चित्रपट आला आणि त्यात तोच मारेकरी श्रेयनामावलीच्याही आधी, पाण्याने भरलेल्या टबात विजेचा धक्का बसून मेला. शॉन कॉनरी कोट चढवतो, त्या धक्क्यावर एक शाब्दिक कोटी करतो आणि निघून जातो. कादंबरीत पानभर चाललेली तळमळ पडद्यावर एका वाक्यात संपली, आणि पुढची पंचवीस वर्षे बॉण्ड म्हणजे मारल्यावर कोटी करणारा माणूस, हा ठसा कायम राहिला.

कॉनरीला यात मी कमी लेखत नाही. 'डॉ. नो' (१९६२) मध्ये प्रोफेसर डेंट अंधाऱ्या खोलीत बिछान्यावर सहा गोळ्या झाडतो, आणि बॉण्ड दाराआड खुर्चीत बसून हे सगळे पाहत असतो. डेंटचे पिस्तूल रिकामे झाले आहे हे त्याला ठाऊक आहे, तरीही तो मारतो, आणि खाली पडलेल्या माणसावर आणखी एक गोळी झाडतो. त्या वेळी कॉनरीच्या चेहऱ्यावर राग नाही आणि आनंदही नाही. काम नीट पार पडल्याचे समाधान आहे. 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' (१९६३) मध्ये रेल्वेच्या डब्यातली जीवघेणी झुंज संपल्यावर तो ग्रांट या मारेकऱ्याच्या प्रेताजवळून आपले पैसे परत घेतो. एडिंबरोच्या कष्टकरी वस्तीत वाढलेल्या, दूध पोहोचवणे आणि शवपेट्यांना पॉलिश करणे अशी कामे केलेल्या या नटाला दिग्दर्शक टेरेन्स यंग यांनी आपल्या शिंप्याकडे नेले आणि उच्चभ्रूंची रीत शिकवली, हे प्रसिद्धच आहे. माझ्या मते कॉनरीच्या बॉण्डची खरी ताकद त्या शिकवलेल्या रीतीच्या खाली राहिलेल्या कष्टकरी माणसात आहे. हिंसा हा त्याच्यासाठी कामाचा भाग आहे आणि कामाबद्दल तो हळहळत नाही.

आता मला ज्यासाठी हा धागा काढावासा वाटला त्या नटाकडे येतो. टिमथी डाल्टन यांनी फक्त दोन चित्रपट केले, 'द लिव्हिंग डेलाइट्स' (१९८७) आणि 'लायसन्स टू किल' (१९८९). रंगभूमीवर शेक्सपिअर केलेल्या या नटाने भूमिका स्वीकारल्यावर फ्लेमिंगची पुस्तके पुन्हा वाचून काढली, आणि मायामीच्या विमानतळावर बसलेला तो माणूस पहिल्यांदा पडद्यावर आणला. पहिल्या चित्रपटात त्याला एका नेमबाज स्त्रीला ठार मारण्याचा हुकूम असतो. दुर्बिणीतून पाहताना ती बंदूक सराईतपणे धरत नाही हे त्याच्या लक्षात येते आणि तो तिच्या बंदुकीवर गोळी झाडतो. नंतर सहकारी साँडर्स वरिष्ठांकडे तक्रार करण्याची धमकी देतो, तेव्हा डाल्टनच्या उत्तरात बेफिकिरी आहे, पण ती दमलेल्या माणसाची आहे. नोकरी गेली तर आभारच मानीन, असे तो म्हणतो आणि ते आपल्याला खरे वाटते. पुढे व्हिएन्नाच्या प्राटर बागेत हाच साँडर्स सरकत्या काचेच्या दारात सापडून मारला जातो. मारेकऱ्याने निरोप लिहून सोडलेला फुगा डाल्टन हातानेच फोडतो, पिस्तूल घेऊन बाहेर धावतो आणि ते चुकून एका आईवर व तिच्या मुलावर रोखतो. तो परततो तेव्हा काहीही न समजलेली कारा, म्हणजे तीच नेमबाज स्त्री, त्याला निरोप मिळाला का असे विचारते. निरोप मिळाला, एवढेच तो म्हणतो. या प्रसंगात तो ओरडत नाही आणि रडतही नाही, पण पुढचा सगळा चित्रपट त्या चेहऱ्यामुळे वेगळा होऊन जातो.

बॉण्डच्या मनावर मारण्याचे ओझे असते, ही गोष्ट २००६ मध्ये डॅनियल क्रेग यांनी आणली, असे सर्रास लिहिले जाते. क्रेग मला अतिशय आवडतात. तरीही हे श्रेय आधी डाल्टन यांचे आहे, आणि प्रेक्षकांनी ते त्यांना त्या वेळी दिले नाही, याची मला मनापासून खंत वाटते. जाणकारांची मते वाचायला आवडतील.

पश्चिमवारा

कसोटी चांगली आहे, पण तुमच्या लेखात रॉजर मूर यांचे नावही नाही, आणि सहा नटांच्या यादीतून अधिकृत मालिकेतले सर्वाधिक, म्हणजे सात चित्रपट केलेला नट वगळणे मला न्याय्य वाटत नाही. मूर म्हणजे वर केलेली भुवई आणि हलकीफुलकी करमणूक, हे मत इतके रूढ झाले आहे की त्यांचे गंभीर क्षण कोणी नीट पाहतच नाही.

'द स्पाय हू लव्ह्ड मी' (१९७७) घ्या. कैरोतल्या एका गच्चीच्या कडेवर सँडॉर हा मारेकरी बॉण्डचा टाय धरून लोंबकळत असतो. हवी ती माहिती मिळताच बॉण्ड तो टाय सोडवून घेतो आणि माणूस खाली जातो. मूर टाय नीट करतात आणि मेलेल्याचे कौतुक करणारे एक वाक्य बोलतात. इथवर तुमच्या कॉनरीसारखेच आहे. पण याच चित्रपटात पुढे रशियन हेर आन्या त्याला विचारते, की ऑस्ट्रियात तिच्या प्रियकराला त्यानेच मारले का. मूर उत्तर देतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून सगळा खेळकरपणा उतरलेला असतो. पाठीमागून बर्फावरून कोणी गोळी घालायला येत असेल तर प्रत्येक वेळी त्याचा चेहरा लक्षात राहत नाही, आपल्या धंद्यात माणसे मरतात, तो किंवा मी असा प्रश्न होता, आणि हो, मीच मारले, असे तो सरळ सांगतो. ज्याला मारले त्याच्या जवळच्या माणसासमोर उभे राहून बॉण्डने मारल्याची कबुली देणे हे त्याआधीच्या चित्रपटांत कुठे आहे? तिने त्याच्या मृत पत्नीचा उल्लेख केल्यावर तो तिला मध्येच थांबवतो, तो क्षणही पाहावा.

मूर यांना हिंसा प्रत्यक्षातच रुचत नसे. 'फॉर युवर आइज ओन्ली' (१९८१) मध्ये कड्यावर अडकलेल्या मोटारीला लाथ मारून लॉक या मारेकऱ्याला दरीत ढकलायचे होते, तेव्हा हे आपल्या बॉण्डला शोभत नाही अशी त्यांची भूमिका होती, आणि दिग्दर्शक जॉन ग्लेन यांनी त्यांचे मन वळवले. आपला अखेरचा बॉण्डपट, 'अ व्ह्यू टू अ किल' (१९८५), त्यातल्या हत्याकांडामुळे त्यांना आवडला नव्हता, हेही त्यांनी पुढे उघडपणे सांगितले. मूर यांचा बॉण्ड हलका दिसतो, कारण त्यामागचा माणूस मारण्याचे सुख घ्यायला तयार नव्हता. मला हा नटाचा जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय वाटतो, उणीव वाटत नाही.

संकलन-टेबल

दोघांचेही म्हणणे रस घेऊन वाचले, परंतु मूळ गृहीतकालाच माझा आक्षेप आहे. मारल्यानंतरच्या सेकंदांत नट एकटा असतो, असे धागालेखक म्हणतात. तो एकटा कधीच नसतो. चेहरा किती वेळ दाखवायचा आणि कोटी ठेवायची की गाळायची, हे लेखक, दिग्दर्शक आणि संकलक ठरवतात. कॉनरीच्या तोंडी कोटी घातली म्हणून त्याने ती म्हटली. क्रेगला आरशासमोर उभे केले म्हणून तो आरशात पाहतो. यातले नटाचे किती आणि संहितेचे किती, हे वेगळे कसे काढणार? शिवाय काळही बदलला होता. १९६२ मध्ये शीतयुद्धाच्या ऐन भरातला प्रेक्षक आणि २००६ मधला प्रेक्षक यांना एकच चेहरा पटला नसता.

चौथी रांग (धागालेखक)

पश्चिमवारा, आन्यासमोरच्या प्रसंगाबद्दल मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. मूर यांच्या सातही चित्रपटांत तो माझ्या दृष्टीने त्यांच्या अभिनयाचा सर्वोच्च क्षण आहे.

संकलन-टेबल, तुमचा आक्षेप रास्त आहे, आणि या मालिकेत त्याची तपासणी करण्याची सोयही आहे, कारण काही दिग्दर्शकांनी दोन वेगवेगळ्या बॉण्डबरोबर काम केले. गाय हॅमिल्टन यांनी कॉनरी आणि मूर या दोघांनाही दिग्दर्शित केले, लुइस गिल्बर्ट यांनीही. मार्टिन कॅम्बेल यांनी 'गोल्डनआय' (१९९५) मध्ये ब्रॉस्नन आणि 'कसिनो रॉयाल' (२००६) मध्ये क्रेग यांना पहिल्यांदा बॉण्ड म्हणून उभे केले. पण सर्वांत उपयोगी जोडी जॉन ग्लेन यांची आहे. १९८१ ते १९८९ या काळात त्यांनी ओळीने पाच बॉण्डपट केले, तीन मूर यांच्याबरोबर आणि दोन डाल्टन यांच्याबरोबर. पाचही चित्रपटांच्या पटकथेत रिचर्ड मायबॉम आणि मायकल जी. विल्सन ही जोडी होती. म्हणजे दिग्दर्शक आणि लेखक तेच राहिले, दशकही एकच, आणि बदलला तो प्रामुख्याने नट.

या पाच चित्रपटांत दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. 'फॉर युवर आइज ओन्ली' मध्ये आईवडिलांच्या खुनाचा सूड घ्यायला निघालेल्या मेलिनाला मूर सांगतात, की सूडाला निघण्यापूर्वी दोन थडगी खणून ठेवावीत अशी चिनी म्हण आहे. उपदेश मनापासूनचा आहे, पण तो बाहेरच्या माणसाचा आहे. आठ वर्षांनी त्याच लेखकांनी 'लायसन्स टू किल' मध्ये स्वतः बॉण्डलाच सूडाला लावले. मित्र फेलिक्स लायटरला शार्कच्या तोंडी दिलेले असते, त्याच्या नव्या नवरीचा खून झालेला असतो, आणि बॉण्ड नोकरी झुगारून निघतो. शेवटी हे घडवणाऱ्या, पेट्रोलने भिजलेल्या सांचेझला तो फेलिक्सने भेट दिलेल्या लायटरने पेटवून देतो. त्यानंतरचा डाल्टन पाहा. रक्ताळलेला, कपडे फाटलेले, खाली बसलेला आणि ओठांवर एकही कोटी नाही. दुसरे थडगे कोणाचे हे त्या चेहऱ्यावरून कळते. ब्रिटनमध्ये १५ वर्षांखालील प्रेक्षकांना बंदी असलेला हा पहिला बॉण्डपट ठरला आणि अमेरिकेत त्याला फारच कमी प्रेक्षक मिळाले, हेही इथे नोंदवतो.

तरी संहितेने असे क्षण दिले म्हणून ते दिसले, असे तुम्ही म्हणाल. मग संहितेने उलट दिशेने ढकलले तिथे काय झाले ते पाहू. 'द लिव्हिंग डेलाइट्स' लिहायला घेतला तेव्हा नवा बॉण्ड कोण हे ठरलेले नव्हते, आणि जुन्या पद्धतीच्या कोट्या त्यात राहिल्याच. मालवाहू विमानाबाहेर लोंबकळणाऱ्या नेक्रॉस या मारेकऱ्याने बॉण्डचा बूट धरलेला असतो, बॉण्ड नाडी कापतो, बुटासह तो माणूस खाली जातो, आणि नंतर कारासमोर बुटावरची कोटी येते. मूर यांनी हे वाक्य प्रेक्षकांकडे पाहून म्हटले असते. डाल्टन ते म्हणतात तेव्हा धाप लागलेली असते आणि शब्द कसेबसे बाहेर पडतात. लिहिलेले वाक्य विनोदी होते, नटाने त्यातला विनोद काढून घेतला. एवढे तरी नटाचे म्हणून मोजावे लागेल.

गवाक्ष

जॉर्ज लॅझेन्बी यांच्याविषयी लिहितो. ऑस्ट्रेलियाचा हा मॉडेल चॉकलेटच्या जाहिरातीतून ओळखीचा झाला होता. अभिनयाचा म्हणावा असा अनुभव नसताना त्याला १९६९ मध्ये 'ऑन हर मॅजेस्टीज सिक्रेट सर्व्हिस' मिळाला आणि तो त्याचा एकमेव बॉण्डपट ठरला. चित्रपटभर त्याचा नवखेपणा जाणवतो, विशेषतः डायना रिग यांच्यासारखी कसलेली अभिनेत्री समोर असताना. पण शेवटचा प्रसंग या धाग्याच्या कसोटीवर सर्वांच्या वर जातो, आणि तिथे मरणारी व्यक्ती शत्रू नाही. लग्न होऊन काही तास झालेली पत्नी गाडीत गोळी लागून मेलेली आहे. मोटारसायकलवरचा पोलीस चौकशीला येतो, तेव्हा ती विश्रांती घेते आहे, घाई नाही, आपल्यापाशी खूप वेळ आहे, असे तो सांगतो. चित्रीकरणाच्या वेळी आपल्याला रडू आले होते आणि दिग्दर्शक पीटर हंट यांनी अश्रूंशिवाय प्रसंग पुन्हा करायला लावला, असे लॅझेन्बी यांनी पुढे सांगितले आहे. हंट यांचा निर्णय मला अचूक वाटतो. अश्रू असते तर आपण त्या माणसाची कीव केली असती. तो इतका शांतपणे खोटे बोलतो म्हणून आपल्याला भीती वाटते.

संकलन-टेबल यांच्या मुद्द्याला यात दुजोरा आहे, कारण हंट हे आधीच्या चित्रपटांचे संकलक होते आणि चेहऱ्यावर किती थांबायचे हे त्यांना नेमके कळत होते. मात्र १९७१ मध्ये कॉनरी परतले तेव्हा त्या खुनामागच्या खलनायकाचा, ब्लोफेल्डचा, पाठलाग दाखवला गेला आणि पत्नीचे नावही कोणी काढले नाही. चित्रपटाच्या इतिहासात इतक्या मोठ्या दुःखाकडे इतक्या सहजपणे पाठ फिरवल्याचे उदाहरण मला आठवत नाही. १९८१ मध्ये मूर तिच्या थडग्यापाशी फुले घेऊन उभे राहतात, त्याचे महत्त्व म्हणूनच मोठे आहे.

रविवारचा खेळ

पिअर्स ब्रॉस्नन यांच्या वाट्याला इथे अजून कोणी गेलेले नाही. १९८६ मध्येच त्यांची निवड झाली होती, पण दूरचित्रवाणी मालिकेच्या कराराने त्यांना अडवले आणि भूमिका डाल्टन यांना मिळाली. ब्रॉस्नन यांना १९९५ पर्यंत थांबावे लागले. त्यांच्यावर नेहमीचा आरोप असा, की त्यांनी कॉनरी आणि मूर यांचे मिश्रण केले, स्वतःचे काही आणले नाही. मला तो मान्य नाही. 'टुमॉरो नेव्हर डाइज' (१९९७) मध्ये जुनी प्रेयसी पॅरिस मारली जाते आणि डॉ. कॉफमन हा मारेकरी बॉण्डच्या तावडीत सापडतो. मी केवळ माझे काम करतो, असे तो गयावया करत सांगतो. मीही, असे म्हणून ब्रॉस्नन त्याला मारतात. त्याच प्रसंगात ते पॅरिसच्या निष्प्राण ओठांवर ओठ टेकवतात. 'डॉ. नो' मधल्या डेंटच्या प्रसंगाचाच हा पुनर्विचार वाटतो: मारणे तितकेच थंड, पण त्याच खोलीत ज्याच्यासाठी मारले ते माणूसही पडलेले आहे.

'द वर्ल्ड इज नॉट इनफ' (१९९९) मध्ये ते याच्याही पुढे जातात. तू मला मारू शकणार नाहीस, तुला माझी आठवण येईल, असे खलनायिका एलेक्ट्रा म्हणते, आणि तो निःशस्त्र स्त्रीवर गोळी झाडतो. कोटी आहे, पण ती बोलून झाल्यावर तो तिच्याजवळ वाकतो, आणि जूडी डेंच यांनी साकारलेली बॉण्डची वरिष्ठ, एम, हे पाहत असते. ब्रॉस्नन यांचे चारही चित्रपट मला सारखे आवडत नाहीत. शेवटचा तर अदृश्य मोटारीच्या पायी नटाला विसरूनच गेला. परंतु हे दोन प्रसंग कोणत्याही बॉण्डच्या तोडीचे आहेत.

मितभाषी

डाल्टन यांना श्रेय द्यावे, परंतु क्रेग यांनी त्याच गोष्टीची पुनरावृत्ती केली असे होऊ नये. डाल्टन यांचा बॉण्ड मुळातच थकलेला भेटतो. तो तसा कसा झाला हे आपण पाहत नाही. क्रेग ते घडताना दाखवतात. 'कसिनो रॉयाल' च्या कृष्णधवल सुरुवातीला स्वच्छतागृहात एका माणसाला बेसिनमध्ये बुडवून मारताना त्यांना धाप लागते आणि चेहऱ्यावर किळस दिसते. दुसरा माणूस मारणे सोपे जाते, हे त्याच प्रसंगात सांगितले जाते. पुढे हॉटेलच्या जिन्यातली मारामारी संपल्यावर ते खोलीत येऊन रक्त धुतात, व्हिस्की घशाखाली ओततात, आरशात स्वतःकडे पाहतात, सदरा बदलतात आणि पत्त्यांच्या टेबलावर जाऊन हसतात. त्याच रात्री, त्या मारामारीत सोबत असलेली व्हेस्पर कपड्यांसकट शॉवरखाली बसलेली सापडते आणि ते तिच्याशेजारी तसेच भिजत बसतात. मारल्यानंतर सामान्य माणसाचे काय होते ते तिच्यात दिसते, आणि त्यांच्यात काय उरलेले नाही तेही तिच्यामुळेच दिसते.

याहून कठोर प्रसंग 'क्वांटम ऑफ सोलॅस' (२००८) मध्ये आहे. मित्र मॅथिस बॉण्डच्या मिठीत मरतो. क्रेग त्याला शेवटपर्यंत धरून ठेवतात आणि मग त्याचे प्रेत उचलून कचऱ्याच्या पेटीत टाकतात. सोबतची कमील जाब विचारते, तेव्हा त्याला काही वाटले नसते, असे उत्तर येते. तो चित्रपट संकलनाच्या घिसाडघाईने बिघडला आहे, पण या एका प्रसंगात माया आणि निष्ठुरता एकाच देहात इतकी जवळ आहेत, की डाल्टन यांच्या दोन्ही चित्रपटांत मला त्याची बरोबरी दिसत नाही.

चौथी रांग (धागालेखक)

मितभाषी, मॅथिसच्या प्रसंगाबाबत मी तुमचे म्हणणे मान्य करतो. घडत जाणारा आणि आधीच घडलेला, हा भेदही पटला, आणि त्यामुळे माझे मत थोडे नेमके झाले: डाल्टन यांनी ओझे आणले, क्रेग यांनी त्याचा उगम दाखवला. मात्र क्रेग यांच्यापाशी त्यासाठी पाच चित्रपट होते, मुळाशी फ्लेमिंगची पहिली कादंबरी होती आणि आधीच्या घटना लक्षात ठेवणाऱ्या संहिता होत्या. डाल्टन यांचा तिसरा चित्रपट कायदेशीर वादात रखडला आणि १९८९ नंतर सहा वर्षे बॉण्डपट आलाच नाही.

ज्यांना हा धागा पडताळून पाहायचा आहे त्यांनी सगळे पंचवीस चित्रपट पाहण्याची गरज नाही. 'फॉर युवर आइज ओन्ली' आणि 'लायसन्स टू किल' लागोपाठ पाहावेत, आणि पहिल्यातली लाथ व दुसऱ्यातला लायटर यांच्यानंतरचे क्षण आवाज बंद करून एकदा पुन्हा पाहावेत. लॉक दरीत गेल्यावर मूर यांच्या तोंडी जी कोटी आहे, ती ऐकू आली नाही तर त्यांच्या चेहऱ्यावर पश्चिमवारा म्हणतात तो नकार दिसतो की नाही, हे मला इतरांकडून जाणून घ्यायचे आहे. मला तो दिसतो.